तानाबाईसाठी फियाट

सायलेन्सर सडला होता, यात नवल नव्हतं. फियाट जुनी, त्यात वर्षभर अंगणात उभी. नवा सायलेन्सर निकेशनं नागपूरहून आणला होता आणि तो कागदात गुंडाळलेला ओसरीत पडून होता. अडचण जोडाची होती. इंजिनाकडून येणारा समोरचा पाईप आणि सायलेन्सरचा पाईप जिथे एकमेकांत बसतात, तो जोड सुटत नव्हता.

मी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत जन्मभर लोखंडी सामानाचं दुकान चालवलं. नट, बोल्ट, पाईप, बिजागऱ्या. आता तिथे निकेश, माझा मुलगा, बसतो. गंजलेला जोड कसा सोडवायचा हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, त्यामुळे एका दुपारचं काम आहे असं समजून मी गाडीखाली गेलो होतो.

घाई नवमीची होती. माझी बायको शकुंतला मागच्या वर्षी आषाढात गेली. नवऱ्याआधी गेली म्हणून लोक तिला नशीबवान म्हणाले. अशा बाईचं पान पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. एका सवाष्णीला बोलवायचं, तिची ओटी भरायची, लुगडं आणि बांगड्या द्यायच्या आणि गेलेलीच्या नावानं तिला पोटभर जेवू घालायचं. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. यंदाची नवमी पहिली.

सवाष्ण कोण, हे शकुंतलेनं दवाखान्यातच ठरवलं होतं. तोंडावरची नळी बाजूला करून ती म्हणाली, "माह्या नवमीले तानाबाईलेच बसवजा. अन् तिले आपल्या गाडीनं आणजा. ऑटोत तिचा पाय मुडत नाई." मी हो म्हटलं. त्यानंतर आमचं जे बोलणं झालं ते औषधांबद्दल आणि घराच्या किल्ल्यांबद्दल झालं.

तानाबाई म्हणजे शकुंतलेची लहानपणची मैत्रीण. दोघी सेलूच्या एकाच शाळेत होत्या. तानाबाई लग्न होऊन पवनारला आली, शकुंतला वर्ध्याला, म्हणजे दोघींत एका बसचं अंतर. पुढे तानाबाई विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली. पायात सळई टाकली, तेव्हापासून तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. फियाटची समोरची सीट बाकासारखी एकसंध आहे, पार मागे सरकते. तिथे ती पाय लांब करून नीट बसायची. शकुंतला गाडी चालवायची आणि ही बाजूला. मी गाडी विकत घेतली हे खरं, पण मला दुकानामुळे वेळ नसायचा. शकुंतलेनं चाळिशीत गाडी शिकून घेतली आणि मोहल्ल्यात ती शकुंतलाबाईची गाडीच झाली.

तेरवीला निकेशनं तानाबाईला त्याच्या नव्या गाडीतून आणलं होतं. उतरताना तिचा पाय दारात अडकला. चार माणसांनी धरून ओढलं, लुगडं वर गेलं, ती ओरडली. सगळा मांडव पाहत होता. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही. वर्षश्राद्धालाही आली नाही. मी नवमीचं आमंत्रण द्यायला फोन केला तेव्हा तिचा नवरा प्रभाकरराव बोलला. म्हणाला, "शकुंतलाच्या गाडीत येईन म्हणते, भाऊ. नाईतर नाई येत म्हणते. तुमाले तं माहीत आहे ते कशी आहे."

मला माहीत होतं. मी गाडी सुरू करून पाहिली. सुरू झाली, पण सायलेन्सर फुटल्यामुळे धूर तळाच्या पत्र्यातून आत येत होता. चौकापर्यंत जाऊन आलो तर डोकं धरलं. अशा गाडीत तानाबाईला बसवणं शक्य नव्हतं.

पितृपक्ष लागला त्या दिवशी मी गाडी जॅकवर उचलली, चारही चाकांखाली सागाचे ठोकळे दिले आणि पोतं अंथरून खाली शिरलो. जोडावरचा क्लँप गंजून गेला होता, तो कापला. क्लँपखाली काळपट पांढरा कडक थर निघाला. एखाद्या मिस्त्रीनं कधीतरी पुट्टी भरली असेल असं मी धरून चाललो. वरचा थर छिन्नीनं उडवला. आतला तसाच राहिला.

आधी डिझेल पाजलं. मग दुकानातून गंज सोडवायचा फवारा आणला, तो मारला. गोल फिरून हातोडीनं ठोकलं. दुसऱ्या दिवशी तेच. नंतर सडका सायलेन्सर जोडाच्या मागून कापून टाकला, फक्त चार बोटं पाईप धरायला ठेवला आणि त्याला पाईपपाना लावून पिळलं. पाईप पान्यात चपटा झाला, पण जोड केसभरही फिरला नाही.

आमच्या गाडीत समोरच्या पाईपचं तोंड फुगवलेलं आहे आणि सायलेन्सरचा पाईप त्याच्या आत जातो. उलटं असतं तर प्रश्न नव्हता. बाहेरचा पाईप टाकाऊ असता तर उभा चिरून सोलून काढला असता. पण इथे बाहेरचाच पाईप ठेवायचा होता, आणि तो आता कुठे मिळत नाही. निकेशनं नागपूर पाहिलं, अमरावतीला फोन केले. नाही म्हणाले.

आमच्या रस्त्यावर गजेंद्रचं गॅरेज आहे. तो गॅसची बत्ती घेऊन आला. पेट्रोलच्या नळीवर ओलं पोतं टाकून आम्ही जोड लाल केला, थंड केला, पुन्हा लाल केला. काही नाही. गजेंद्र घाम पुसत म्हणाला, "काकाजी, याचं लगन लागलेलं आहे. आता सोडचिठ्ठी कटरनंच होईन." म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण कोणाशी बोलतो आहोत. मग तो उगाच बत्तीचं तोंड साफ करत बसला.

मी त्याला म्हटलं, कटर नाही. कापून वेल्डिंग करू म्हणाला. मी त्याचा अंगठा धरून समोरच्या पाईपवर दाबला. पत्रा दबला. वेल्डिंगची ठिणगी पडली की भोक पडणार, एवढा तो पातळ झाला होता. त्यानं मान हलवली. पैसे न घेता गेला.

घरात माझ्याबद्दल बोलणं व्हायचं ते मला गाडीखाली ऐकू यायचं. सून दिपाली म्हणायची, जेवण दोनदा गरम केलं. निकेश म्हणायचा, राहू दे, त्यांना काही तरी काम आहे हे बरंच आहे. एकदा तो स्वतः येऊन चाकाशी उकिडवा बसला.

"आत्याले बसवू, बाबा," तो म्हणाला. "सवाष्ण सवाष्णच असते."

"तुह्या मायनं नाव सांगितलं होतं."

"तिनं बीमारीत सांगितलं. तुमी जिद्द करून राह्यले."

"हाव," मी म्हटलं. "पाना दे तो."

त्यानं पाना दिला आणि दुकानात गेला. त्याचा राग मला कळत होता. त्याचीही आई होती, आणि तेरवीला तानाबाईला गाडीतून ओढणारा पहिला हात त्याचाच होता. त्याला तो विषय पुन्हा नको होता.

नवमी परवावर आली. जोड तसाच होता आणि माझ्या दंडात पाना उचलायचा जोर उरला नव्हता. मग मी दुसरा मार्ग काढला. ओळखीच्या माणसाचा छोटा टेम्पो होता. त्यात मागे गादी घालायची, वर लाकडी खुर्ची दोरीनं बांधायची, चढायला फळी लावायची. तानाबाई पाय लांब करून बसू शकली असती. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून बस धरून पवनारला गेलो.

तानाबाई पडवीत खुर्चीवर बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. शेंगा सोलत होती. मी टेम्पोचं सगळं सांगितलं, फळीसकट. तिनं ऐकून घेतलं.

"मी का कापसाचं गाठोडं आहो, भाऊ, टेम्पोत टाकाले?" ती म्हणाली. "मार्केट यार्डात उतरवसान का घरी?"

प्रभाकरराव हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, गाडीची आशा मी सोडलेली नाही, पण दिवस उरले नाहीत. गाडीला झालंय तरी काय, असं तिनं विचारलं. मी जोडाचं सांगितलं. डिझेल, फवारा, बत्ती, पाना, सगळं. जुनी पुट्टी भरलेली आहे आणि ती दगड झाली आहे, हेही सांगितलं.

तिचे हात थांबले. "कोणता जोड? समोरच्या सीटच्या खाली येते तो?"

मी हो म्हटलं. तिनं प्रभाकररावाला चहा ठेवायला आत पाठवलं. तो आत गेला हे मान वळवून पाहिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "पुट्टी नाई ते. ते आमी लावलं. म्या अन् शकुंतलानं."

लॉकडाऊन उठल्यावरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी एका भाच्याच्या साक्षगंधाला हिंगणघाटला गेलो होतो. या दोघी गाडी घेऊन केळझरच्या गणपतीला गेल्या. परत येताना सेलूच्या अलीकडे सायलेन्सरचा पाईप जोडातून निसटला आणि रस्त्यावर घासत चालला. ठिणग्या उडत होत्या आणि ट्रॅक्टरसारखा आवाज. लोक थांबून पाहायला लागले. शकुंतलेनं गाडी एका लिंबाच्या झाडाखाली घेतली, पदर खोचला आणि खाली शिरली. पाईप तिनं आत ढकलला, पण जोड ढिला झाला होता आणि फटीतून धूर मारत होता.

तानाबाईचा बाप विहिरी बांधायचा. विहिरीच्या दगडांच्या सांध्यात चुना आणि गूळ मळून भरायचे हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. गूळ गाडीत होता, प्रसादासाठी नेलेली अर्धी ढेप उरली होती. चुना शकुंतलेनं जवळच्या पानठेल्यावरून द्रोणभर मागून आणला. ठेलेवाल्यानं विचारलं, एवढा कशाले? तर म्हणाली, पाहुणे लई आहेत. धरून राहायला काही तरी हवं म्हणून बाजूच्या वावरातून कापूस वेचला. तानाबाईनं दगडावर ते सगळं एकत्र मळलं. शकुंतलेनं पाईप पुन्हा ओढून काढला, त्याला हे गोल थापलं, जोडात बसवला, वरूनही लिंपलं आणि क्लँप आवळला. मग गाडी तशीच चालू ठेवून जोड भाजून घेतला आणि दोघी झाडाखाली शिदोरी खात बसल्या.

"तुमाले सांगाचं नाई असं ठरलं होतं," तानाबाई म्हणाली. "तुमी गाडी बंद करून टाकली असती. यायलेही म्या सांगितलं नाई." तिनं मानेनं स्वयंपाकघराकडे दाखवलं.

वर्षभर लोक येत होते आणि शकुंतलेच्या गोष्टी सांगत होते. त्या सगळ्या मला माहीत असलेल्या होत्या. आणखी नवं काही तिच्याबद्दल कळेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ती लुगडं खोचून लिंबाखाली गाडीच्या तळाशी पडली आहे, हे मी त्या पडवीत बसून पाहिलं. तानाबाईनं मला पाहू दिलं. शेंगा सोलत राहिली.

मग ती म्हणाली, "अन् तुमी आठ दिवस त्याले तेल पाजून राह्यले, बापा. चुना का तेलानं सुटते?"

नाही सुटत. हे मला जन्मभर माहीत होतं. दुकानात गिझरच्या कॉइली यायच्या, आमच्या पाण्याच्या क्षारानं पांढऱ्या झालेल्या. त्या आम्ही तेलात नाही टाकत. त्यांना आंबट लागतं. पण मी जोडात गंज पाहत होतो. चुना पाहतच नव्हतो. फरशी धुवायचं अ‍ॅसिड दुकानात होतं, पण त्यानं तो पातळ पाईप खाल्ला असता. मी तिला म्हटलं, चिंच पाहिजे. जुनी, काळी झालेली, भरपूर.

तिनं प्रभाकररावाला हाक मारून वरच्या फळीवरचं मडकं काढायला लावलं. चिंचेची पिशवी भरून देताना त्यानं विचारलं, गाडीला चिंच कशाला. तानाबाई म्हणाली, तिला उलटी होते.

घरी आलो आणि लगेच खाली शिरलो. पहिलं काम माझंच केलेलं धुऊन काढायचं होतं. आठ दिवसांचं तेल जोडात मुरलं होतं आणि तेलावर आंबट चढत नाही. गरम पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकून जोड पुन्हा पुन्हा धुतला. हात भाजले. मग दिपालीकडून मोठं पातेलं मागून चिंच उकळली. तिनं गाळायला जुनं पातळ फाडून दिलं. ते शकुंतलेचं होतं. दिपालीनं माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, चालते.

चिंधी कोळात बुडवून जोडाला गुंडाळली, वरून प्लास्टिक बांधलं. जोडाच्या तोंडातून आत वेगळी चिंधी कोंबली. थोड्या वेळानं काढली तर चिंधीवर बारीक फेस होता आणि पाण्यात पांढरा गाळ. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या जोडानं मला उत्तर दिलं होतं. मी चिंधी बदलली. पुन्हा बदलली. मधून सायकलच्या आऱ्यानं खरवडत होतो. चुना सुटत होता, काळा पडलेला गूळ सुटत होता, आणि कापसाचा जळका धागा एक-एक करून निघत होता.

ते करताना मला एक वाटत होतं ते सांगतो. काम चांगलं झालं होतं. सायलेन्सर सगळीकडे सडला, पण हा जोड गळला नाही. मी दुकानातल्या महागातल्या डब्यातली पुट्टी लावली असती तरी एवढी टिकली नसती. तिनं बसवलेलं मी पाण्यानं काढत होतो. ते काढल्याशिवाय तिनं सांगितलेलं होणार नव्हतं. म्हणून हात थांबवला नाही.

नवमीच्या आदल्या दिवशी दुपारी निकेश जेवायला घरी आला. पातेलं, चिंधी, प्लास्टिक सगळं पाहून त्यानं विचारलं, हे काय. मी खालूनच त्याला त्याच्या आईची गोष्ट सांगितली. लिंबाचं झाड, पानठेला, पाहुणे लई आहेत. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. मग त्यानं बूट काढले, शर्ट काढून आरशाला अडकवला आणि दुसऱ्या बाजूनं खाली आला.

त्यानं समोरचा पाईप लाकडी फळ्यांत धरला, दबू नये म्हणून. मी मागच्या तुकड्याला पाना लावला. मी पिळलं. पाना घसरला. पुन्हा लावला. निकेश म्हणाला, बाबा, दम घ्या. मी म्हटलं, धर नीट. तिसऱ्या खेपेला आतून कर्र असा आवाज आला. आम्ही दोघं थांबलो.

"फिरला," निकेश म्हणाला.

"फिरला. आता उलटा."

उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. मधे चिंचेचं पाणी सोडायचं, ठोकायचं, पिळायचं. शेवटी तुकडा सुटला आणि मी पान्यासकट मागच्या चाकावर आपटलो. समोरच्या पाईपचं तोंड शाबूत होतं, कुठे चीर नाही. तुकड्यावर चुन्याचं कडं अजून चिकटून होतं. निकेशनं ते हातात घेऊन फिरवून पाहिलं, बाबा, ठेवायचं का म्हणाला. मी म्हटलं, ठेवून काय करायचं. भंगारात टाकलं.

त्याच संध्याकाळी नवा सायलेन्सर बसवला. काचा बंद करून आम्ही दोघं चालू गाडीत बराच वेळ बसलो. धुराचा वास नाही. चिंचेचा होता थोडा.

नवमीला सकाळी पवनारला गेलो. निकेश येतो म्हणाला, मी त्याला घरीच थांबवलं. तानाबाई हिरवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिनं सीट मागे सरकवायला लावली, बूड टेकवलं, पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार स्वतः ओढलं. रस्त्यात तिनं हात काचेबाहेर ठेवला होता, एवढं आठवतं.

घरी फाटकाशी गाडी लावली तेव्हा निकेश धावत आला आणि दोन पावलांवर थांबला. त्याला पुढे यावं की नाही ते कळत नव्हतं. तानाबाईनं दार उघडलं, चांगला पाय खाली टाकला, दुसरा ओढून घेतला आणि छताची कड धरून उभी राहिली. मग निकेशला म्हणाली, "येथं काऊन उभा राह्यला? मायले घरात नेत नाई काय?"

त्यानं हात पुढे केला. तिनं धरला. दोघं आत गेले.

तिला पाटावर बसता येत नाही म्हणून टेबलावर पान मांडलं होतं. दिपालीनं ओटी भरली. वडे, कढी, भाजी, खीर, सगळं तानाबाईनं सावकाश खाल्लं. मी भिंतीशी उभा होतो. तिनं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "शकुंतलाले खीर दोनदा लागत होती, भाऊ."

मी दिपालीच्या हातून पळी घेतली आणि वाढली.